नळीचं माप

धाकट्या भावाचा पिकअप आहे. उन्हाळी मिरची निघायला लागली, की पिंपळगाव रेणुकाईच्या मार्केटमध्ये संध्याकाळी माल भरायचा आणि रात्री निघायचं, हा त्याचा नेम. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रेडिएटरची वरची नळी झिरपायला लागली. मला शाळेची सुट्टी होती. म्हणाला, "भाईजान, भोकरदन जा रहे तो नली ले आओ."

मी जुन्या नळीचा तुकडा नेला, तोंडाचं माप जुळवलं आणि निम्म्या किमतीतली चकचकीत काळी नळी घेतली. ही पाण्याच्या मोटारीची आहे, असं दुकानदारानं सांगितलंही. मी म्हटलं, पाणीच तर जायचंय!

मूळ नळीला वळण साच्यातच दिलेलं होतं. माझी सरळ. वाकवली तशी कोपऱ्यात चपटी झाली, तरी क्लिपा आवळून बसवली.

इशाची नमाज पढून घरी आलो तर फोन वाजत होता. चढावर इंजिन तापलं, यानं बॉनेट उघडलं, तेवढ्यात नळी फाटली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मिरची रात्रभर रस्त्यावरच.

मिस्त्रीनं ती नळी माझ्या हातात दिली. "सर, तोंड मोजलं, पण दाबाचं काय?" रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते, ती आत दाब धरून ठेवते. बाहेरच्या हवेपेक्षा एक बार दाब जास्त असला, तर पाणी 100 नाही, साधारण 120 अंशांना उकळतं. मोटारीची प्लॅस्टिकची नळी त्याआधीच मऊ पडते. गाडीची नळी बहुधा ईपीडीएम रबराची असते, आत सुताचं जाळं. उष्णता आणि कूलंट ती सोसते, पण डिझेल-ऑइल लागलं की फुगते. काही गाड्यांच्या खालच्या नळीत तारेची स्प्रिंगही असते. पंप पाणी ओढतो तेव्हा नळी आत चिकटू नये म्हणून. मला ती कंपनीची हौस वाटायची. शाळेत 100 अंश मीही कितीदा फळ्यावर लिहिलंय.

आता इंजिन गार असताना मी नळ्या दाबून बघतो. कडक झालेली, तडे गेलेली किंवा लिबलिबीत लागली, की बदलायची.

दवाखान्यात भाऊ एवढंच म्हणाला, "नाप तो बराबर था ना, भाईजान." अम्मी शेजारीच बसली होती. तिला अजून ठाऊक नाही ती नळी कोणी आणली.