टायर जुना की अस्सल?

‘रेडियल टाक यार, मस्त पळेल!’ आजोबांची १९७०ची फियाट ११०० डिलाइट रिस्टोअर करायला घेतली तेव्हापासून भाईंदरमधला प्रत्येक मित्र हेच सांगतोय. बाबांना मात्र मूळचाच हवा: ५.२०-१४, क्रॉस-प्लाय. म्हणजे साधारण ५.२० इंच रुंद, १४ इंची रिमचा, आत दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदणारे. कमी वेगात स्टिअरिंग हलकं लागतं. शिवाय कुर्ल्यात बनलेली ही गाडी त्याच टायरच्या हिशेबाने बांधलेली.

एका दुकानदाराने ‘एकदम ओरिजिनल, न वापरलेला’ टायर काढून दाखवला. तारखेचा कोड तीन आकडी! तुम्हीही बघून ठेवा: २०००पासून हा कोड चार आकडी असतो, आधी आठवडा, मग वर्ष. म्हणजे हा माल गेल्या शतकातला. न वापरताही रबर कडक होतं, चिरा जातात.

गाडी शोकेसमध्ये ठेवायची असती तर घेतलाही असता. पण बाबांना आईला शेजारी बसवून उत्तनला जायचंय. म्हणून ठरलं: माप जुनं, बांधणी जुनी, रबर मात्र ताजं. तोवर गाडी विटांवर, आणि बाबा रोज खाली जाऊन तिला पुसून येतात.