जे हलायला नको ते

भाऊबीज झाली की आमच्या सालेकसा भागात गावोगावी मंडईची जत्रा भरते. रात्री दंडार नाहीतर नाटक असतं. सुट्टीतल्या दुपारी मात्र मुलं मोबाइल घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसतात. "सर, पिक्चर बनवला, पाहा ना." हा पिक्चर ठोकळ्यांच्या माणसांचा असतो. चार सेंटिमीटर उंचीचा प्लास्टिकचा माणूस जरासा हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचा, पुन्हा फोटो. सेकंदाला बारा फोटो धरले तर एका मिनिटाला 720. स्टॉप-मोशन हाच माझा व्यवसाय, त्यामुळे 720 फोटोंमागची चिकाटी मला ठाऊक आहे. मी प्रत्येक पिक्चर दोनदा पाहतो आणि बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतो: माणूस चांगला हलतोय बेटा, पण जे हलायला नको तेही हलतंय.

आधी उजेड. मुलं खिडकीपाशी सेट मांडतात. ढग येतो, जातो. दोन तासांचं काम दहा सेकंदांत दिसतं तेव्हा चित्र दिव्यासारखं फडफडतं. म्हणून खिडकीवर जाड चादर टाकायची आणि एकच दिवा लावायचा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा पूर्ण चार्ज केलेला बॅटरीचा दिवा बरा. घरातली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. शटर 1/50 सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवलं की ती लहर फोटोत उतरत नाही. मोबाइलचा फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, तिन्ही लॉक करायचे. आपण स्वतः गडद कपडे घालायचे आणि दर फोटोला एकाच जागी उभं राहायचं. पांढऱ्या शर्टाचा उजेडही सेटवर पडतो.

मग जमीन. सालेकसा हावडा-मुंबई मार्गावरचं गाव. मालगाडी गेली की रुळालगतच्या घरातलं टेबल थरथरतं आणि माणूस केसभर सरकतो. पडद्यावर तो केसभर फरक धक्क्यासारखा दिसतो. म्हणून सेटची पाटी जड फळीला स्क्रूने आवळायची, फळीवर रेतीच्या पिशव्या ठेवायच्या. मोबाइलला फोटोसाठी बोट लावायचं नाही. पुष्कळ मोबाइलमध्ये वायरच्या इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने फोटो निघतो. आणि गाडी येत असेल तर थांबायचं. गाडी पूर्ण जाऊ द्यायची, मागचा फोटो पडद्यावर पुसट ठेवून माणूस जागेवर आहे का ते जुळवायचं, मगच पुढचा फोटो.

बाजारातल्या स्वस्त माणसांचे सांधे ढिले असतात. सांध्यात बिनरंगी नेलपॉलिशचा एक पातळ हात द्यायचा आणि पुरता वाळू द्यायचा. हात मग ठेवाल तिथे राहतो. चालवायचं असेल तर ठोकळे अडकवायच्या बटणांची पाटी नको, कारण दोन बटणांच्या मधे पाऊल बसत नाही. गुळगुळीत पुठ्ठा घ्यायचा आणि तळपायाला पोळ्याच्या मेणाचा तांदळाएवढा कण लावायचा.

आता चाल. या माणसाला गुडघा नाही, कोपर नाही. पाय पुढेमागे होतात, बाजूला फाकत नाहीत. दोन बटणांमधलं अंतर 8 मिलिमीटर. साधारण दीड बटणाचं एक पाऊल त्याला शोभतं. एका पावलाला सहा फोटो, दर फोटोला पाव बटण, म्हणजे 2 मिलिमीटर. उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे. पण सगळी वाटचाल याच मापाने केली तर तो बर्फावरून घसरल्यासारखा वाटतो. मी मुलांना स्टेशनवर उभं करून गाडी सुटताना पाहायला लावतो. पहिला डबा आधी इंचभर सरकतो, मग हातभर, मग वेग धरतो. थांबतानाही तसाच टप्प्याटप्प्याने. माणूसही निघताना अर्धा मिलिमीटर, मग एक, मग दोन, आणि थांबताना तेच उलट. जडपणा एवढ्यानेच येतो.

ही कला आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टप्प्याटप्प्याने टिपली होती आणि 1915 मध्ये 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्यांना खेळवलं होतं. काडीला तोंड नाही, हात नाही. जे काही आहे ते चालीत. ठोकळ्यांचा पहिला माहीत असलेला पिक्चर 1973 चा. डेन्मार्कमधल्या दोन चुलत भावांनी आजीआजोबांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवासाठी तो केला. आजच्यासारखा हातपाय हलवणारा लेगोचा माणूस 1978 मध्ये आला, म्हणजे तोही त्यांच्याजवळ नव्हता. 2014 चा 'द लेगो मूव्ही' बहुतेक सगळा संगणकावर घडला, तिथे हवा तसा हात वाकवता आला असता. तरी तो बनवणाऱ्यांनी कोपर वाकवलं नाही. खेळण्याची मर्यादा सांभाळली, म्हणून ते खेळणं खरं वाटलं.

अभिनय मी मुलांना दंडारीतून शिकवतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचे डोळे दिसत नाहीत, त्याला खांदे दिसतात, मान दिसते. ठोकळ्याच्या माणसाचंही तेच. काहींच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे चेहरे असतात. माणूस वळत असताना डोकं फिरवलं की भाव बदलतो आणि बदल डोळ्यांत खुपत नाही. पण चेहरा एकच असला तरी अडत नाही.

यंदा एका सहावीतल्या मुलीने धानाच्या बांधीवर पावसाची वाट पाहणारा शेतकरी केला. तो सारखे दोन्ही हात हलवत होता. मी विचारलं, "तुझे बाबा वाट पाहतात तेव्हा काय करतात?" ती म्हणाली, "काहीच नाही करत. उभे राहतात." मी म्हणालो, तेच कर. मात्र एकच फोटो अठरा वेळा जोडू नको, अठरा वेगळे काढ. फोटोफोटोतला बारीक दाणा बदलत राहतो, त्याने स्थिर माणूसही जिवंत वाटतो.

तिने अठरा फोटो काढले. दीड सेकंद शेतकरी नुसता उभा. मग दोन फोटोंत मान किंचित ढगांकडे वळली, आणि पुन्हा स्थिर. ओट्यावर सात-आठ मुलं होती, एरवी क्षणभर गप्प न बसणारी. त्या दीड सेकंदाला एकही बोललं नाही. एवढंच जमायला हवं: सगळं घट्ट धरायचं, म्हणजे एक मान वळली तरी सगळ्यांना दिसते.