दाजींचा बंब

आमच्या दाजींना विकत मिळणारी वस्तू विकत आणायचा मनस्वी कंटाळा. त्यांचं घर सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यात. गोठ्यात म्हशी, परसात गोबर गॅसची तरंगती टाकी, आणि दाजींच्या डोक्यात सदा काहीतरी शिजत असलेलं. यंदा शिजला तो बंब.

भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हुतात्मे झाले. दरवर्षी त्या दिवशी पहाटे तिथं मानवंदनेला माणसं जमतात. आदल्या रात्री दाजींच्या ओटीवर दहा-बारा पाहुणे ठरलेले, आणि पहाटे चारला प्रत्येकाला कढत पाणी हवं. तेव्हा तांब्याचा बंब सरपणाऐवजी गोबर गॅसवर चालवायचा, असं दाजींनी ठरवलं.

आता गोबर गॅसची ज्योत मोठी नाजूक. मिथेनच्या जोडीला कार्बन डायऑक्साइड असल्यानं ती सावकाश जळते आणि जरा वारा लागला की मान टाकते. ज्योत गेली म्हणून गॅस काही थांबत नाही. तो आपला येतच राहतो. मग एखादा पाहुणा अंधारात विडी पेटवतो... पुढचं चित्र माझ्या ताईनं असं रंगवलं, की दाजींनी दोन दिवस बंबाचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते एका मोडीत निघालेल्या गीझरची झडप घेऊन हजर! तिची करामत अशी : मुख्य बर्नरशेजारी एक इवलीशी ज्योत, म्हणजे पायलट. त्या ज्योतीत दोन धातूंच्या जोडाचं टोक. ते तापलं की जेमतेम २०-३० मिलिव्होल्ट वीज होते. (हे १८२१ साली झेबेक नावाच्या जर्मन गृहस्थांना कळलं. त्यांच्या घरी बंब होता की नाही, कोण जाणे.) तेवढ्यानं चिमुकलं लोहचुंबक झडप उघडी धरून ठेवतं. ज्योत विझली, टोक निवलं, की वीज संपते आणि स्प्रिंग खट्ट करून गॅस बंद करते. कुणी जागं असायची गरज नाही. आमच्या घराण्यातल्या झोपा पाहता, मला हा भाग फार पटला.

दाजींनी गोबर गॅससाठी भोकं मोठी केली, वासाचा गंधकी वायू पितळ खाऊ नये म्हणून वाटेत लोखंडाच्या किसाची नळी बसवली, आणि प्रत्येक सांध्याला ताईचा अंगाचा साबण फासून बुडबुडे शोधले. बंब न्हाणीत न ठेवता उघड्या पडवीत ठेवला. कोंदट न्हाणीत नीट न जळलेला गॅस माणसाला वास न देता मारतो, हे त्यांना पक्कं ठाऊक.

मग चाचण्या. मी सुपानं वारा घालायचा, दाजींनी आकडे मोजायचे. अडतिसाव्या आकड्याला खट्ट! सहा वेळा विझवला, सहाही वेळा खट्ट.

चुलीपाशी बसून दाजींची आई, सगळ्यांची बय, हे बघत होती. म्हणाली, "आमी बी ह्येच करत व्हतो. रातच्याला इस्तव राखंत निजवायचा, सकाळी फुकणीनं उठवायचा."

"पण बय, ह्यो इझला तर गॅस बंद करतो!"

"आमचा इझला तर शेजारणीकडनं आनायचा. कुनाचा जीव नाय जायचा."

यावर दाजींनी पुन्हा एकदा सांध्यांना साबण लावला.

२ जानेवारीला पहाटे साडेतीनला पायलट पेटला, बंब धडधडू लागला आणि दाजी तिथंच बाजेवर कलंडले. चारच्या सुमारास गडावरून वारा उतरला. ओटीवर बाराही जण घोरत होते. ज्योत गेली. थोड्या वेळानं अंधारात खट्ट झालं.

दाजी ताडकन उठले आणि सगळ्यांना हलवून उठवू लागले, "ऐकलंत का? ऐकलंत का? बंद झाला!"

बंबातलं पाणी जेमतेम कोमट होतं. पाहुणे कुडकुडत, पंचे खांद्यावर टाकून, चुलीवरच्या हंड्यापाशी रांगेत उभे राहिले. हंडा बयनं तीनलाच चढवला होता.