घरातला खांब

मुलुंड, जुलै

पोल डान्सच्या पोलसाठी जागा शोधताना आधी छत बघितलं. हॉलमध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग. ताणावर उभा राहणारा खांब त्यावर टेकवणं म्हणजे जिवाशी खेळ. बेडरूममध्ये उघडा आरसीसी स्लॅब आहे, तिथे बीमखाली तो बसवला. जाडी ४५ मिलिमीटर, माझ्या मुठीत नेमकी मावणारी. धातू पितळच घेतला. ते काळवंडतं, पण घामट हातांना क्रोमपेक्षा जास्त धरून ठेवतं.

पावसाळ्यात इथली हवाच ओली. चढण्याआधी सुती फडक्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन वरपासून खालपर्यंत पुसते. लोशनचा हात लागला तरी पकड गेलीच. मग स्क्रू घट्ट आहेत ना, खांब ओळंब्यात आहे ना, ते बघते.

मल्लखांबाचं उलट. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी रुजवलेल्या या विद्येत लाकडी खांबाला एरंडेल चोळतात, कातडी सोलवटू नये म्हणून. पण अढी मारायला शिकलेल्या मांड्यांना हा धातूही परका वाटत नाही. आपल्या मुलींनी दोन्ही करून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारा, आणि खाली जाड मॅट अंथरल्याशिवाय खांबावर चढू नका.