सईला, सीरम घेण्याआधी

चि. सई हिस,


तू पाठवलेले दोन्ही फोटो मोठे करून नीट वाचले. एक ‘विशी’ कंपनीचं ‘मिनरल ८९’, दुसरं ‘द ऑर्डिनरी’चं ‘हायल्युरॉनिक अ‍ॅसिड २% + बी५’. ‘मावशी, दोन्हींतलं कुठलं घेऊ ते एका ओळीत सांग,’ असं तू लिहिलंयस. तर एका ओळीत सांगते. आत्ता विशीचं घे, आणि तेही त्यावर साधं, बिनवासाचं क्रीम लावणार असशील तरच. पण मेडिकलच्या काउंटरमागे इतकी वर्षं काढलेल्या बाईला एका ओळीत थांबता येत नाही. शिवाय हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. चिपळुणातसुद्धा कुणाची लेक, कुणाची सून मोबाइल पुढे धरून असल्याच बाटल्यांबद्दल विचारते. म्हणून हे पत्र उघडंच लिहिते आहे. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणींनाही वाचायला दे.

तुझा चेहरा का झोंबतो ते कळायला आधी हवेचा हिशेब करू. तू आहेस त्या म्युनिकला बाहेर शून्य अंश असताना हवा दमटीने अगदी भरलेली असली, तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम ५ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा खोलीत येते आणि हीटर तिला २२ अंशांवर नेतो. त्या तापमानाला हवेत १९ ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं, पण असतात तेच ५. म्हणजे आर्द्रता २५ टक्क्यांवर आली. आपल्याकडे जुलैत २८ अंशांना ९० टक्के आर्द्रता असते, म्हणजे घनमीटरला २४ ग्रॅम पाणी. तू जन्मभर ज्या हवेत वाढलीस, तिच्या एक पंचमांश पाण्याच्या हवेत तू डिसेंबरपासून राहते आहेस. ही हवा जिथून मिळेल तिथून पाणी उचलते, आणि तुझा चेहरा दिवसभर उघडा असतो. त्यामुळे ‘माझ्या चेहऱ्यात काय बिघडलंय?’ हा प्रश्न आधी मनातून काढून टाक.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाही जाड नसतो. मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक बसवलेले, आणि त्यांच्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा चिकट लेप. आजोळच्या कौलारू छपरासारखं समज. कौलं जागच्या जागी असली की पाऊस बाहेर राहतो, चार कौलं सरकली की घरभर भांडी मांडावी लागतात. त्वचेत गळती उलटी असते, इतकाच फरक. आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचा साबण, अत्तर, अ‍ॅसिड आत शिरतं. आत शिरलेलं काही तिथल्या मज्जातंतूंना लागलं की चुरचुर होते.

तुझ्या पत्रात ‘दिसायला काहीच नाही, पण पाणी लावलं तरी झोंबतं’ असं वाक्य आहे. याला त्वचातज्ज्ञांकडे जागा आहे. खाजेवर संशोधन करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मंचाने २०१७ मध्ये संवेदनशील त्वचेची जी व्याख्या ठरवली, तिचा गाभा हाच आहे. एरवी ज्याने त्रास होऊ नये अशा गोष्टीने टोचणं, जळजळणं, खाजणं, मुंग्या येणं, आणि त्यामागे त्वचेचा दुसरा कुठला आजार नसणं. वरून त्वचा अगदी नितळ दिसू शकते. तेव्हा ‘सगळं तुझ्या मनाचं आहे’ असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे.

आता बाटल्या. दोन्हींच्या नावामागे मुख्य पदार्थ एकच, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. नाव अ‍ॅसिडचं असलं तरी ते चेहऱ्याची सालं काढणारं अ‍ॅसिड नव्हे, साखरेच्या जातीच्या रेणूंची ती लांबलचक साखळी आहे. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ती गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून वेगळी काढली. पुढे ती कोंबड्याच्या तुऱ्यातून मिळवत. आता सौंदर्यप्रसाधनांसाठी बहुतेक ठिकाणी जिवाणूंकडून आंबवून घेतात, त्यामुळे तुझ्या आजीच्या सोवळ्याला धक्का नाही.

माणसाच्या शरीरात हा पदार्थ मुळातच असतो. सत्तर किलोच्या माणसात साधारण १५ ग्रॅम, त्यातला निम्मा त्वचेत, आणि रोज सुमारे एक तृतीयांश मोडून नवा तयार होतो. जाहिरात इथेच हात मारते. वाचणाऱ्याला वाटतं, कमी पडलेला माल बाटलीतून भरून निघणार. तसं होत नाही. बॉस आणि माइनार्डी यांनी २००० साली मांडलेला एक ठोकताळा आहे. ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू धड त्वचेतून सहसा आत जात नाहीत. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडची लांब साखळी लाखो डाल्टनांची असते. ती वरच राहते आणि वरच्या थरापाशी पाणी धरून ठेवते. तेही चांगलं काम आहे, पण धरायला आधी पाणी हवं. कोरड्या चेहऱ्यावर, कोरड्या खोलीत ते नुसतं लावलं, तर वाळल्यावर पापुद्रा ताणल्यासारखा वाटतो. तुझ्या मैत्रिणीला ‘सीरम लावून चेहरा जास्तच ओढला’ असं वाटलं ते यामुळेच.

विशीच्या बाटलीवर ८९ टक्के ‘ज्वालामुखीच्या प्रदेशातलं खनिज पाणी’ लिहिलंय. विशी हे फ्रान्सच्या मधोमध असलेलं झऱ्यांचं गाव आहे, आणि त्या पाण्याच्या नावावर कंपनी उभी आहे. त्या खनिजांवर मी फार भिस्त ठेवणार नाही. मला आवडली ती यादीची लांबी. तुझ्या फोटोत मोजून अकरा घटक आहेत. सुगंध नाही. पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन आणि त्याच्या जातीचे ओलावा धरणारे पदार्थ आहेत, सोडियम हायल्युरोनेट बरंच खाली आहे. युरोपात नियम असा, की एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापायचे, त्याखालचे कसेही. म्हणजे पुढे नाव हायल्युरॉनिकचं असलं तरी कष्ट बरेचसे ग्लिसरीन उपसतंय.

त्यात मला काही गैर वाटत नाही. ग्लिसरीन १७७९ मध्ये शेले या स्वीडनमधल्या रसायनतज्ज्ञाने शोधलं, आणि आपल्या दुकानात त्याची बाटली अजून सगळ्यात स्वस्त रांगेत असते. ते इतकं लहान आहे की आतही पोचतं. त्वचेच्या पेशींत ते आत नेणारं एक प्रथिन असतं. ज्या उंदरांत ते प्रथिन नव्हतं त्यांची त्वचा कोरडी पडली आणि ग्लिसरीन दिल्यावर सुधारली, हे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं. महागड्या नावांच्या गर्दीत हा जुना माणूस अजून कामाला येतो.

‘द ऑर्डिनरी’ ही टोरांटोच्या डेसिएम कंपनीची, २०१६ पासूनची मालिका. टक्के बाटलीवर ठळक छापायचे आणि भाव कमी ठेवायचा, ही तिची रीत. या बाटलीत हायल्युरॉनिक अ‍ॅसिड वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांत आहे, जोडीला पँथेनॉल, म्हणजे बी५चं पूर्वरूप, आणि नव्या बनावटीत सिरॅमाइडही. पँथेनॉल मला विशेष पसंत आहे. ते ओलावाही धरतं आणि चिडलेल्या त्वचेला शांतही करतं. सुगंध इथेही नाही. कागदावर हीच बाटली श्रीमंत दिसते. पण यादी लांब आहे, द्रव दाट आहे, आणि जास्त लावला तर चिकटतो. छोट्या साखळ्या थोड्या खोलवर जातात हा काहींना गुण वाटतो. सध्या झोंबणाऱ्या त्वचेला मात्र खोलवर जाणारं काहीच नको. चेहरा शांत असता तर मी कदाचित उलटा कौल दिला असता.

भावाचं म्हणशील तर बाटलीची किंमत पाहू नकोस, मिलिलिटरचा दर काढ. एक ५० मिलिलिटरची आहे, दुसरी ३० ची. तो हिशेब करूनही दुसरी स्वस्त पडली, तर पडू दे. लांब यादीचा खरा खर्च वेगळा असतो. उद्या पुरळ आलं तर अकरांत दोषी शोधणं सोपं, पंचविसांत अवघड. दोन्हींत फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक आहे, युरोपात त्याला एक टक्क्याची मर्यादा आहे. त्याला घाबरू नकोस. परिरक्षक नसलेल्या पाणीदार बाटलीत जिवाणू वाढतात, ते जास्त वाईट. आणि कंपन्या बनावट बदलत असतात, म्हणून पुढची बाटली घेताना यादी पुन्हा वाच.

आता एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला खरं हवं. इथून जाताना तू ‘चेहरा उजळायला’ म्हणून एक ट्यूब नेली होतीस, ती अजून लावतेस का? त्या ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांतलं काही लिहिलंय का बघ. ही स्टेरॉइडं आहेत. बऱ्याचदा त्यांच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइनही असतं. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळ दिसतो. नंतर त्वचा पातळ होते, लाली येते, बारीक शिरा दिसतात, पुटकुळ्या उठतात, आणि ट्यूब सोडली की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. भारतातल्या त्वचातज्ज्ञांनी या चेहऱ्याला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ असं स्वतंत्र नाव दिलंय, इतके रुग्ण त्यांच्याकडे येतात. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी गोरेपणाच्या हौसेपायी ती मैत्रिणी-मैत्रिणींत फिरतातच. तुझं उत्तर ‘हो’ असेल तर दोन्ही बाटल्या बाजूला ठेव. ट्यूब मनाने सोडू नकोस, मनाने चालूही ठेवू नकोस. त्वचेच्या डॉक्टरची, तुमच्याकडच्या हाउटआर्ट्स्टची वेळ घे आणि ट्यूब सोबत ने. सीरमने हे भरून निघत नाही.

उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचं वाच. तू लावतेस ते सालं काढणारं टोनर आणि रेटिनॉल बंद कर, चेहरा शांत होईपर्यंत तरी. केटलच्या तळाशी पांढरा थर बसतो असं तू सांगितलं होतंस. तुमच्या पाण्यात क्षार जास्त आहेत, आणि त्या पाण्यात साबण नीट धुतला जात नाही, त्याचा साका त्वचेवर राहतो. शिवाय साबणाचा पीएच ९-१०, चेहऱ्याचा ५ च्या आसपास. तेव्हा साबण नको, बिनवासाचं सौम्य क्लिन्झर रात्री एकदाच. सकाळी नुसतं कोमट पाणी.

नवं सीरम थेट तोंडाला लावू नकोस. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी रोज दोनदा, किमान आठवडाभर लाव. अ‍ॅलर्जीचं पुरळ लगेच उठत नाही, दोन-तीन दिवसांनीही येतं, म्हणून एका रात्रीत निकाल लावायचा नाही. निभावलं तर जबड्याच्या कडेला, मग पूर्ण चेहऱ्याला. लावल्यावर थोडं चुरचुरून दोन मिनिटांत थांबलं तर तो गळक्या त्वचेचा गुण असू शकतो. थांबलं नाही, सुजलं किंवा खाजायला लागलं, तर धुऊन टाक आणि पुन्हा लावू नकोस.

लावायची पद्धत साधी आहे. चेहरा टिपून घे, पण पूर्ण कोरडा करू नकोस. ओलसर चेहऱ्यावर सीरमचे दोन थेंब, आणि ते वाळायच्या आत वरून क्रीम. सीरम पाणी धरतं, क्रीम ते उडू देत नाही. क्रीममध्ये सिरॅमाइड किंवा पेट्रोलॅटम असेल तर उत्तम. दोन्हींतलं एकच परवडत असेल तर क्रीम घे, सीरम सोड. माझ्या धंद्यातले लोक हे सहसा सांगत नाहीत, कारण सीरमच्या बाटलीवर सुटतं जास्त.

तुझ्या आईने फोनवर बेसन आणि लिंबू सुचवलं, हे मला कळलं. ताईशी मी बोलते. लिंबाचा पीएच दोनच्या घरात असतो आणि बेसन घासलं जातं. दुखऱ्या चेहऱ्यावर दोन्ही नकोत. तिचं खोबरेल मात्र अगदीच टाकाऊ नाही. ते पाणी देत नाही, पाण्यावर झाकण घालतं. हातापायांना ओलसर असताना खुशाल लाव. चेहऱ्यावर पुटकुळ्या उठत असतील तर तिथे नको.

एवढं सगळं तीन-चार आठवडे कर आणि मधे काही नवं आणू नकोस. आरशात तेज आलं का, हे बघत बसू नकोस, कारण हे औषध तेजासाठी नाही. तोंड धुताना दात-ओठ आवळून धरायची सवय सुटली, बाहेरच्या थंड वाऱ्यात गालांकडे लक्ष गेलं नाही, अभ्यास करताना चेहरा आहे हेच विसरायला झालं, की समज बाटलीने आपलं काम केलं. आणि तसं झालं नाही तर तिसऱ्या बाटलीचा फोटो मला पाठवू नकोस, डॉक्टरची वेळ घेतल्याचं कळव.

तुझी,
मावशी

ता. क. खोलीतल्या मैत्रिणीने सुचवलेलं गुलाबाच्या वासाचं टोनर तिलाच परत दे. ‘पार्फम’ हा शब्द यादीत दिसला की तुझ्यापुरती ती बाटली संपली, नाव कितीही नैसर्गिक असो.