रविवारचे शिबिर, सोमवारची गाडी

गेल्या भीमजयंतीला डीजेचा खर्च वाचवून काही विधायक करायचे, असे आमच्या मंडळाने ठरवले. पुण्यातल्या एका उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या कुटुंबांसाठी रविवारी शिबिर घेतले. बहुतेक पारधी, काही मातंग, काही आपलेच. एक डॉक्टर, दोन वकील, एक केस कापणारा, एक फोटोग्राफर, सगळे विनामूल्य आले. मुलांचे केस कापले, औषधे वाटली, वकिलांनी अर्ज लिहून दिले. संध्याकाळी आमचे फोटो स्टेटसवर झळकले.

सोमवारी सकाळी अतिक्रमण विभागाची गाडी आली. गोधड्या, पातेली गेली, त्यांच्यासोबत औषधांची आणि अर्जांची पिशवीही गेली. दोन दिवसांनी एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "दादा, परवा तुम्ही पंधरा जण होता. गाडी आली तेव्हा कुठं गेला होता?"

आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग शिबिर वाया गेले का? तसे म्हणणे खोटे ठरेल. तापाने फणफणलेले एक बाळ त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचले. ते महत्त्वाचेच. पण आमची चूक दुसरीकडे होती. शेवटी माईक फिरवून आम्ही त्या लोकांकडून आभार मानून घेतले होते.

आभार कशाचे? विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12 वाचा. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. म्हणजे आमच्या वकिलांनी जे 'दान' दिले, ते या लोकांचे आधीपासूनच हक्काचे होते. हक्काला आम्ही दान म्हटले आणि देणारे होऊन बसलो. देणारा वर, घेणारा खाली, ही उतरंड तर आपल्याला मोडायची आहे ना?

त्या दोन वकिलांपैकी एक ताई मात्र दर गुरुवारी संध्याकाळी येत राहिल्या. फोटो नाही, बॅनर नाही. त्यांनी बायकांचे मतदार नोंदणीचे नमुना 6 भरले. पत्त्याचा पुरावा मागितला गेला, तेव्हा त्यांनी निवडणूक आयोगाची सूचनाच पुढे ठेवली: बेघर माणसासाठी बीएलओने रात्री, एकाहून अधिक वेळा, जागेवर जाऊन तो तिथेच झोपतो याची खात्री करायची. खात्री पटली की कागदोपत्री पुरावा लागत नाही. बरेच हेलपाटे झाले, पण अकरा बायकांची नावे यादीत आली. मताधिकारासाठी बाबासाहेबांनी 1919 सालीच साउथबरो समितीपुढे साक्ष दिली होती. पुलाखालच्या बाईपर्यंत तो हक्क पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

जातीच्या दाखल्याचे काम अजून अडलेले आहे. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजे-पणजे 1952 पर्यंत गुन्हेगार जमाती कायद्याखाली हजेरी देत फिरले, त्यांनी तो आणायचा कुठून?

पावसाळ्याआधी गाडी पुन्हा आली. या वेळी बायकाच पुढे झाल्या. "नोटीस दाखवा, सामानाची यादी करून द्या," म्हणाल्या. जागा वाचली नाही. 1985 च्या ओल्गा टेलिस निकालानेही उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण पदपथावर कायम राहण्याचा हक्क दिला नाही. मात्र या वेळी सामानाची यादी झाली आणि कागदांची पिशवी मावशींच्या हातात राहिली.

म्हणून मित्रांनो, डॉक्टर असाल, वकील असाल, सीए असाल, आपले कौशल्य जरूर द्या. फक्त देण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. पुढच्या आठवड्यात आपण इथे येणार आहोत का? आणि आपण गेल्यावर या माणसाला आपली गरज कमी भासेल का? दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर आपण समाजाचे ऋण फेडत नाही, रविवार साजरा करतो आहोत.

यंदा आम्ही शिबिर घेणार नाही. गुरुवार वाटून घेणार आहोत.

जय भीम!