राग भिंतीचा, भुर्दंड सगळ्यांना

डोंबिवलीतल्या एका चार मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख. वाण्याची उधारी त्यांनी कधी ठेवली नाही. पण 2015 च्या पावसाळ्यात त्यांच्या बाहेरच्या भिंतीला ओल आली. कमिटीला दोन अर्ज दिले, उत्तर एकच - ‘फंड नाही.’ तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "भिंत कोरडी होईपर्यंत मेंटेनन्सचा एक पैसा देणार नाही!"

त्यांची तक्रार खोटी नव्हती. बाहेरच्या भिंतीतून पाणी झिरपत असेल, तर दुरुस्ती सोसायटीनेच करायची असते. पण ते पाहून आणखी तीन घरांनी हात आखडता घेतला. "ते देत नाहीत, मग आम्हीच का द्यायचं?"

सोळांपैकी चार घरं थकली. आधी सफाईवाला गेला, मग रात्रीचा वॉचमन. शेवटी जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप ज्या सामाईक मीटरवर चालत, त्याचंच बिल थकलं. वीज तोडण्यापूर्वी कायद्याने पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तीही येऊन गेली. 2018 च्या एप्रिलमध्ये एका सकाळी पंप बंद पडला आणि दुपारपर्यंत गच्चीवरची टाकी कोरडी झाली.

काकांच्या घरात पंखा मात्र फिरत होता. त्यांचा मीटर वेगळा. दाराबाहेर धाप लागल्याचा आवाज आला म्हणून काकूंनी पाहिलं. चौथ्या मजल्यावरच्या आजी अर्धी बादली घेऊन जिना चढत होत्या. त्यांच्या घरचा मेंटेनन्स एकदाही चुकला नव्हता. काकूंनी बादली वर नेऊन दिली आणि घरात येऊन एवढंच म्हणाल्या, "ओल आपल्या भिंतीला. शिक्षा त्यांना का हो?"

त्या रात्री काकांनी वही काढली. महिना दोन हजार, छत्तीस महिने झाले असते तर मुद्दल 72,000. उपविधींत थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याजाची तरतूद होती. त्या दराने आणखी 22,000 च्या वर. त्यांचे तेहतीस महिने भरले होते, म्हणजे आकडा फारसा कमी नव्हता. शिवाय थकबाकीदाराला कमिटीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला निघाला, तर गोष्ट जप्तीपर्यंत जाते.

पण त्यांना बोचली ती वेगळीच ओळ. दुरुस्ती निधी त्याच मासिक बिलात असतो. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का. ज्या पैशातून भिंत दुरुस्त व्हायची, तोच त्यांनी अडवून धरला होता!

सकाळी ते चेक घेऊन सेक्रेटरींकडे गेले. सोबत पत्र होतं : ‘पैसे हरकत नोंदवून भरत आहे. दुरुस्ती झाली नाही, तर सहकार न्यायालयात दाद मागेन.’ बाकीच्या तिघांची दारंही त्यांनीच ठोठावली. पंप सुरू झाला आणि पावसाळ्यापूर्वी भिंतीचं प्लॅस्टर झालं.

भांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण बिल भरून भांडणाऱ्याचा आवाज जरा जास्त खणखणीत लागतो, आणि जिन्यात शेजारी भेटले तर मान खाली घालावी लागत नाही.